शस्त्रक्रियेच्या टेबलावर थांबलेले हृदय : त्याला मृत्यू म्हणायचे का?

सेलूकर
नमस्कार मंडळी. माझे वडील, ज्यांना आम्ही सगळे अण्णा म्हणतो, ७१ वर्षांचे निवृत्त शिक्षक आहेत. श्रावणात त्यांची संभाजीनगरला बायपास शस्त्रक्रिया झाली. ती व्यवस्थित पार पडली, नवव्या दिवशी आम्ही त्यांना सेलूला घरी आणले, आणि त्याच संध्याकाळी त्यांनी आत्याला आणि मला जवळ बसवून जे सांगितले ते माझ्या डोक्यातून जात नाही. आपण छताजवळून स्वतःलाच पाहत होतो, खाली हिरव्या कपड्यांतली माणसे वाकलेली होती, आणि मग एकदम आपण आपल्या जुन्या वाड्याच्या ढेलजेत उभे होतो, असे ते म्हणाले. तिथे दोन माणसे चोपडी उघडून बसली होती. एकाने नाव वाचले, दुसऱ्याने अण्णांच्या तोंडाकडे पाहिले आणि 'हे ते नव्हेत, यांना जाऊ द्या' असे सांगितले. माझी आजी १९८७ साली गेली. ती आतून 'जेवून जा रे' म्हणत होती, पण अण्णांना दारातूनच परत फिरवले.

शस्त्रक्रिया चालू असताना बाहेर बसलेल्या माझ्या मेहुण्यांनी सगळ्यांना समजावले होते की आत हृदय तास-दीड तास बंद ठेवतात. गावाने या दोन गोष्टी जोडल्या आणि आता 'गुरुजी दीड तास मेले होते' असे पारावर सांगितले जाते. आत्याने शांती करण्याचा आग्रह धरला आहे. शांतीला माझी हरकत नाही. माझा प्रश्न एवढाच आहे की हृदय थांबलेल्या त्या वेळात अण्णा वैद्यकशास्त्राच्या हिशेबाने मृत होते का, आणि नसतील तर वैद्यकशास्त्र मृत्यू म्हणते तरी कशाला?

हुरडा
चोपडीतल्या नावाचा घोळ वाचून बरे वाटले. सातबाऱ्यावर आजोबांचे नाव दुरुस्त करून घेण्यासाठी मी चार वर्षे तहसीलच्या पायऱ्या झिजवतो आहे, आणि वरच्या कार्यालयात मात्र जागच्या जागी दुरुस्ती करून मिळते!

गोदाकाठ
मी भूलतज्ज्ञ आहे आणि नांदेडला काम करते. सेलूकर, अण्णांची प्रकृती सुधारते आहे हे वाचून आनंद झाला.

पंपावरच्या बायपासमध्ये महारोहिणीला, म्हणजे हृदयातून निघणाऱ्या मुख्य रक्तवाहिनीला, चिमटा लावतात आणि पोटॅशियम असलेले द्रावण देऊन हृदय मुद्दाम थांबवतात. मॉनिटरवरची हृदयाची रेघ सपाट होते. परंतु त्याच वेळी शरीरातले रक्त नळ्यांमधून यंत्रात जाते, तिथे त्यात प्राणवायू मिसळला जातो आणि ते पुन्हा शरीरात सोडले जाते, म्हणून मेंदूचा रक्तपुरवठा चालूच राहतो. शेताला पाणी देताना विहिरीवरची मोटार बंद करून शेजाऱ्याच्या बोअरचे पाणी घेतले तर पीक वाळत नाही, तसेच हे आहे. हृदय हा पंप आहे आणि तेवढ्या वेळेपुरता पंप बदललेला असतो. त्यामुळे त्या तास-दीड तासाला मृत्यू म्हणणारा एकही डॉक्टर तुम्हाला सापडणार नाही.

याउलट वॉर्डात किंवा घरी अचानक हृदय बंद पडते तेव्हा दहा-पंधरा सेकंदांत शुद्ध हरपते, त्यानंतर लवकरच मेंदूचा विद्युत आलेख सपाट होतो, आणि चार-सहा मिनिटांत पेशींची हानी सुरू होते. छाती दाबून, शॉक देऊन हृदय पुन्हा चालू झाले तर त्याला आम्ही 'हृदयक्रिया बंद पडून पुनरुज्जीवन' म्हणतो. तो मरून परत आला, अशी नोंद आम्ही कधीच करत नाही.

शंकेखोर
गोदाकाठताईंनी पुरेसे स्पष्ट केले आहे. जो परत आला तो मेलाच नव्हता. मृत्यूच्या व्याख्येतच 'परत न येणे' अंतर्भूत आहे. शिजायला टाकलेला भात अर्ध्यावर उतरवला म्हणून कोणी 'भात होऊन पुन्हा तांदूळ झाले' असे म्हणत नाही.

घाटनांदूर
शंकेखोर, ही व्याख्या फार सोयीची आहे असे तुम्हाला वाटत नाही का? परत आलेला प्रत्येक जण 'मेलाच नव्हता' असे आधीच ठरवून टाकले की मृत्यूच्या पलीकडचे सांगणारा साक्षीदार उभाच राहू शकत नाही. न्यायालयात साक्षीदाराला पिंजऱ्यात येण्याआधीच खोटा ठरवण्यासारखे हे आहे.

१९९१ साली अमेरिकेत फिनिक्स येथे पॅम रेनॉल्ड्स नावाच्या ३५ वर्षांच्या स्त्रीवर मेंदूतल्या रक्तवाहिनीच्या फुग्याची शस्त्रक्रिया झाली. रॉबर्ट स्पेट्झलर या शल्यविशारदांनी तिचे शरीर सुमारे १५ अंशांपर्यंत थंड केले, हृदय थांबवले आणि मेंदूतले रक्त उतरवून घेतले. इथे शेजाऱ्याचा बोअरही बंद होता, ताई. कानांत आवाज करणारी बोंडे बसवलेली होती, डोळे पट्टीने बंद केलेले होते. तरीही तिने नंतर कवटी कापण्याच्या करवतीचे वर्णन केले आणि ती विजेवर चालणाऱ्या दात घासायच्या ब्रशसारखी दिसत होती असे सांगितले. याचे उत्तर काय?

औसा रोड
वैद्यकीय बाजू डॉक्टर मंडळी सांगतीलच. मी लातूरला वकिली करतो, म्हणून कायद्यात काय लिहिले आहे ते मांडतो. जन्म-मृत्यू नोंदणी अधिनियम, १९६९ प्रमाणे जिवंत जन्मानंतर केव्हाही जीवनाची सर्व लक्षणे कायमची नाहीशी होणे म्हणजे मृत्यू. मानवी अवयव प्रत्यारोपण अधिनियम, १९९४ मध्ये 'मृत व्यक्ती'ची व्याख्या याच शब्दांत आहे, पण तिथे पुढे दोन वाटा सांगितल्या आहेत : मस्तिष्कस्तंभाच्या (मेंदूच्या देठाच्या, जिथून श्वास चालतो त्या भागाच्या) मृत्यूमुळे किंवा हृदय-फुप्फुसांच्या अर्थाने. म्हणजे आपल्या देशात मृत्यूची व्याख्या एका कायद्यात एका वाटेची आणि दुसऱ्या कायद्यात दोन वाटांची आहे, आणि या फटीत अनेक कुटुंबे अडकतात. सेलूकरांच्या प्रश्नापुरता कळीचा शब्द दोन्हीकडे एकच आहे, 'कायमची'. अण्णांची लक्षणे कायमची तर सोडाच, डॉक्टरांच्या ताब्यातून क्षणभरही सुटलेली नव्हती.

निजामकालीन
वकीलसाहेबांचा 'कायमची' हा शब्द वाचताना आमच्या आजीची आठवण झाली. आमच्या लहानपणी कळमनुरीकडे डॉक्टर मिळणे म्हणजे दैवयोग. माणूस शेवटच्या घटका मोजू लागला की घरातले जाणते कोणीतरी नाकाशी सूत धरून बसे. सूत हलायचे थांबले की तळपायाला हात लावून पाहत, नंतर छातीला कान लावत, आणि तरीही आजी म्हणे, 'घाई करू नका, धुगधुगी असते.' तिरडी बांधायला घेण्याआधी बराच वेळ जाऊ देत. त्या वेळी हा अडाणीपणा वाटायचा. आता वाटते की 'थांबले' आणि 'कायमचे थांबले' यांमध्ये वेळ जाऊ द्यावा लागतो, हे त्या बाईला ठाऊक होते.

गोदाकाठ
निजामकालीन काका, आजी बरोबर होत्या. छाती दाबणे थांबवल्यानंतर काही मिनिटांनी हृदय आपोआप पुन्हा चालू झाल्याच्या दुर्मीळ घटना वैद्यकीय नियतकालिकांत नोंदलेल्या आहेत, आणि म्हणूनच प्रयत्न थांबवल्यावर निदान दहा मिनिटे मॉनिटरकडे पाहत राहावे असे सुचवले जाते.

घाटनांदूर, पॅम रेनॉल्ड्सचे उदाहरण मी विद्यार्थ्यांना नेहमी सांगते, पण वेळापत्रकासह सांगते. करवतीचा आवाज आणि त्या वेळचे बोलणे तिने सांगितले ते कवटी उघडतानाचे आहे. शरीर थंड करून रक्ताभिसरण थांबवले ते त्यानंतर. म्हणजे जो भाग पडताळता येतो त्या वेळी तिचे हृदय चालू होते आणि मेंदूला रक्त मिळत होते. पूर्ण भुलेखाली, त्यातही कानांत तसे आवाज चालू असताना तिला हे कसे कळले, हा प्रश्न उरतोच, आणि तो भूलतज्ज्ञांना लाजवणारा आहे. पण तो भुलेच्या खोलीचा प्रश्न आहे. ब्रिटनमध्ये २०१४ साली झालेल्या मोठ्या पाहणीत सुमारे १९,६०० भुलांमागे एका रुग्णाने 'मला मध्येच जाग होती' असे सांगितल्याचे आढळले. पूर्ण भूल देऊन केलेल्या सिझेरियनमध्ये तर हे प्रमाण सुमारे ६७० मागे एक होते. भुलेत कान शेवटी झोपतात आणि आधी जागे होतात असे आमचे सर म्हणत. म्हणून मी थिएटरमध्ये रुग्णाविषयी वावगा शब्द कोणाला काढू देत नाही.

आणखी एक गोष्ट आपल्या भागात विसरून चालत नाही. लहान रुग्णालयांत आणि शिबिरांत आजही केटामीन हे भुलेचे औषध वापरले जाते, कारण त्यात श्वास आणि रक्तदाब बऱ्यापैकी टिकून राहतो. केटामीनमधून बाहेर येणारे रुग्ण 'मी वर तरंगत होतो', 'मी पंढरपूरला जाऊन आले' असे सांगतात; हे मी स्वतः कितीतरी वेळा ऐकले आहे. बेल्जियममधल्या लीज विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१९ मध्ये मृत्यूसमीप अनुभवांची शेकडो कथने आणि निरनिराळ्या औषधांच्या अनुभवांची हजारो कथने शब्दांच्या साम्यावरून ताडून पाहिली, तेव्हा सर्वांत जवळचे ठरले ते केटामीनच.

घाटनांदूर
ताई, वेळापत्रकाचा मुद्दा मान्य. पण सगळेच रुग्ण केटामीनवर नसतात. नेदरलँड्समध्ये पिम व्हॅन लोमेल यांनी हृदय बंद पडून वाचलेल्या ३४४ रुग्णांना विचारले आणि ६२ जणांनी, म्हणजे शंभरातल्या १८ जणांनी, असा अनुभव सांगितला. तो अभ्यास २००१ साली 'लॅन्सेट'मध्ये छापून आला. मेंदूला रक्त न मिळणे हेच कारण असेल तर उरलेल्या ८२ जणांना अनुभव का आला नाही?

शंकेखोर
ताप आलेला प्रत्येक जण बरळत नाही, तरी बरळण्याचे कारण ताप हेच असते. घाटनांदूर, तुम्ही २००१ वर थांबलात, पुढचेही पाहा. सॅम पार्निया यांच्या गटाने १५ रुग्णालयांत छताजवळ फळ्या बसवून, खालून दिसणार नाहीत अशी चित्रे त्यांवर ठेवली. तरंगणाऱ्याने ती पाहावीत आणि येऊन सांगावीत, इतकी सरळ परीक्षा होती. २०१४ साली निकाल प्रसिद्ध झाला : हृदय बंद पडण्याच्या २,०६० घटना, त्यांतले १४० वाचलेले रुग्ण मुलाखतीपर्यंत आले, आणि चित्र पाहिलेला एकही नाही.

घाटनांदूर
त्यातल्या बहुतेक घटना फळ्या नसलेल्या खोल्यांत घडल्या, हेही त्याच निबंधात लिहिले आहे, आणि एका रुग्णाने शॉक देणाऱ्या यंत्राचे आवाज व आजूबाजूची हालचाल बरोबर सांगितली हेही लिहिले आहे. अर्धे वाचून दाखवू नये.

शंकेखोर
मान्य आहे, तेवढे राहून गेले. परंतु आवाज कानाने ऐकला असेल, तर त्यासाठी छतावर जाण्याची गरज नाही.

बालाघाट
मी बीड जिल्ह्यात फिजिशियन आहे. 'जिवंत असून मृतासारखे दिसणे' ही गोष्ट आपल्या भागात पुस्तकी नाही, म्हणून लिहितो. पावसाळ्यात जमिनीवर झोपलेल्या माणसाला रात्री मण्यार चावते. दुखत नाही, सूज नाही, दंशाची खूण सापडतेच असे नाही. पहाटे पोट दुखते, पापण्या जड होतात, आणि पुढे श्वासाचे स्नायूही लुळे पडतात. एका शेतकऱ्याला असेच आणले होते : बाहुल्या विस्फारलेल्या, टॉर्चला प्रतिसाद नाही, चिमटा काढला तरी हालचाल नाही. वेळीच नळी घालून व्हेंटिलेटरवर घेतला होता म्हणून हृदय चालू होते. आधीच्या ठिकाणी नातेवाइकांना 'मेंदू गेला आहे' असे सांगण्यात आले होते आणि अर्धा गाव गोळा झाला होता.

मण्यारीचे विष नसा आणि स्नायू यांच्यामधला निरोप तोडते, ते मेंदूला मारत नाही. माणूस आत जागा असू शकतो. हा गृहस्थ चौथ्या दिवशी बोट हलवू लागला, दहाव्या दिवशी बोलू लागला, आणि पहिली गोष्ट त्याने कोणती विचारली असेल तर आपल्या खाटेशी उभे राहून विहिरीकडच्या वाटणीची भाषा करणारा चुलत भाऊ कुठे आहे, ही. त्याने शब्दन् शब्द ऐकला होता!

म्हणूनच मस्तिष्कस्तंभ-मृत्यूची चाचणी सुरू करण्यापूर्वीच्या अटी चाचणीइतक्याच महत्त्वाच्या असतात. मेंदूला अपरिवर्तनीय इजा होण्याचे कारण माहीत पाहिजे. विष, झोपेची किंवा स्नायू शिथिल करणारी औषधे, शरीराचे उतरलेले तापमान, रक्तातल्या क्षारांचा बिघाड यांपैकी काहीही असले तर चाचणी करायचीच नाही. १९९९ साली नॉर्वेमध्ये बर्फाखाली अडकलेल्या आन्ना बोगेनहोल्म या डॉक्टरचे तापमान १३.७ अंशांपर्यंत उतरले होते आणि हृदय बंद होते, ती जगली. गारठलेल्या माणसाला ऊब देऊनही हृदय चालू झाले नाही तरच मृत म्हणा, असे आम्हाला शिकवतात ते उगाच नाही.

हुरडा
डॉक्टर, त्या चुलत भावाचे पुढे काय झाले हे न सांगता तुम्ही नॉर्वेला निघून गेलात, हे बरे नव्हे.

बालाघाट
डिस्चार्जच्या दिवशी तोच गाडी घेऊन न्यायला आला होता. वाटेत काय बोलणे झाले ते मला ठाऊक नाही.

भोकरदन
गेले दोन दिवस हा धागा वाचतो आहे आणि लिहावे की नाही या विचारात होतो. डॉक्टरांनी चाचणीचा विषय काढला म्हणून लिहितो.

माझा पुतण्या २४ वर्षांचा होता. जालना रस्त्यावर मोटारसायकलला अपघात झाला. डोक्यातल्या रक्तस्रावासाठी रात्रीच शस्त्रक्रिया झाली. त्यानंतर तो शुद्धीवर आलाच नाही. तिसऱ्या दिवशी डॉक्टरांनी आम्हाला बसवून 'मेंदूमृत' हा शब्द सांगितला. माझा भाऊ म्हणाला, 'साहेब, हात गरम आहे, छाती हलते आहे, लघवी होते आहे. मेला कसा म्हणू?' त्याला उत्तर देण्याऐवजी त्या डॉक्टरांनी आम्हा दोघांना चाचणी पाहायला आत घेतले, आणि त्याबद्दल मी त्यांचा कायमचा ऋणी आहे.

डोळ्यांत प्रकाश टाकला, बाहुली हलली नाही. बुबुळाला कापूस लावला, पापणी मिटली नाही. डोके दोन्ही बाजूंना वळवले, डोळे खेळण्यातल्या बाहुलीच्या डोळ्यांसारखे डोक्याबरोबरच फिरले. कानात बर्फाचे पाणी सोडले, तरी डोळे हलले नाहीत. घशात नळी घातली, ठसका नाही. शेवटी व्हेंटिलेटर काढून नुसता प्राणवायू चालू ठेवला आणि सगळे त्याच्या छातीकडे पाहत उभे राहिले. रक्तात कार्बन डायऑक्साइड साठला की मस्तिष्कस्तंभ जिवंत असल्यास श्वास घेतल्यावाचून राहत नाही, असे त्यांनी आधीच समजावले होते. दहा मिनिटे छाती हलली नाही. माझ्या भावाने त्या दहा मिनिटांत स्वतःचा श्वास किती वेळा रोखला हे मी पाहत होतो. मध्येच पोराचा हात कोपरापासून थोडा वर आला आणि भावाने हंबरडा फोडला. ती पाठीच्या कण्यातून होणारी प्रतिक्षिप्त क्रिया आहे, तिचा मेंदूशी संबंध नाही, असे डॉक्टरांनी सांगितले. पटायला वेळ लागला.

सहा तासांनी हेच सगळे पुन्हा झाले. चार डॉक्टरांच्या सह्या लागल्या, त्यांत अवयव काढणाऱ्यांपैकी कोणी नव्हते. त्यानंतर वहिनीने आधी होकार दिला, भावाने नंतर. दोन्ही मूत्रपिंडे आणि यकृत दिले.

ज्याची कोणी कल्पना करत नाही तो प्रश्न पुढे आला. पहिली चाचणी दशमीला झाली, दुसरी एकादशी लागल्यावर, आणि हृदय प्रत्यक्ष थांबले ते शस्त्रक्रियागृहात, आणखी काही तासांनी. दहाव्याचा दिवस कोणता धरायचा? गुरुजींनी आम्हालाच विचारले, 'तुमचा मुलगा केव्हा गेला?' प्रमाणपत्रावर दुसऱ्या चाचणीची वेळ होती, आम्ही तीच तिथी धरली. आई मात्र आजही अपघाताच्या तिथीला पान वाढते, कारण तिच्या मते तो रस्त्यावरच गेला होता.

निजामकालीन
भोकरदनकर, काय लिहावे सुचत नाही. तुमच्या वहिनींना नमस्कार सांगा.

गोदाकाठ
असेच म्हणते. नातेवाइकांना चाचणीच्या वेळी आत घेण्याची पद्धत सर्वत्र असायला हवी.

औसा रोड
तिथीचा प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा मुळीच नाही. कायद्यालाही तो पडला आहे. २०१३ साली कॅलिफोर्नियात जाही मॅकमॅथ या १३ वर्षांच्या मुलीचा घोरण्याच्या व श्वास अडण्याच्या त्रासावरील शस्त्रक्रियेनंतर रक्तस्राव होऊन मेंदूमृत्यू झाल्याचे डॉक्टरांनी घोषित केले. कुटुंबाने ते मानले नाही आणि तिला न्यू जर्सी राज्यात नेले, जिथे धार्मिक कारणावरून मेंदूमृत्यू नाकारण्याची मुभा आहे. तिचे हृदय २०१८ मध्ये थांबले. तिच्या नावाने दोन मृत्यू प्रमाणपत्रे निघाली, साडेचार वर्षांच्या अंतराची. एका राज्यात मृत असलेली मुलगी दुसऱ्या राज्यात जिवंत होती.

आपल्याकडेही मेंदूमृत्यूची सविस्तर तरतूद आहे ती अवयवदानाच्या कायद्यात. कुटुंबाने अवयवदानाला नकार दिला की व्हेंटिलेटर काढायचा की नाही याबद्दल रुग्णालये कचरतात, आणि बिल चढत राहते. केरळने २०२० मध्ये मेंदूमृत्यू ठरवण्याच्या मार्गदर्शक सूचना काढून अवयवदान असो वा नसो मृत्यू तो मृत्यूच, अशी भूमिका घेतली.

शंकेखोर
मेंदूमृत्यूची कल्पनाच मुळी प्रत्यारोपणासाठी काढली, असा आक्षेप घेतला जातो. तारखा पाहिल्या तर तो सहज झटकता येत नाही : डिसेंबर १९६७ मध्ये केपटाऊनला बर्नार्ड यांनी पहिले हृदय प्रत्यारोपण केले आणि ऑगस्ट १९६८ मध्ये हार्वर्डच्या समितीने मेंदूमृत्यूचे निकष मांडले. मधल्या फेब्रुवारीत आपल्या डॉ. पी. के. सेन यांनी मुंबईच्या केईएममध्ये हृदय प्रत्यारोपण केले होते, तेव्हा इथे मेंदूमृत्यूला कायद्याची मान्यता नव्हती.

बालाघाट
आक्षेप अर्धा खरा आहे. व्हेंटिलेटर आल्यामुळे, मेंदू संपला पण हृदय चालू, अशी अवस्थाच नव्याने निर्माण झाली. निजामकालीन काकांच्या आजीच्या काळात ती शक्यच नव्हती, कारण मस्तिष्कस्तंभ गेला की श्वास जाई आणि काही मिनिटांत हृदयही. तेव्हा मृत्यूचा क्षण एकच असे. यंत्राने तो ताणून लांब केला, आणि म्हणून कुठेतरी रेघ ओढावी लागली. प्रत्यारोपणामुळे ती ओढण्याची घाई झाली, एवढेच म्हणता येईल.

माहूरवासी
मग हल्ल्यानंतर केईएममध्येच अंथरुणाला खिळलेल्या परिचारिका अरुणा शानबाग ४२ वर्षे मेंदूमृत होत्या असे समजायचे का?

गोदाकाठ
नाही. त्या स्वतः श्वास घेत होत्या, त्यांची झोप-जाग चालू होती. २०११ साली सर्वोच्च न्यायालयानेही त्या मृत नाहीत हे स्पष्ट केले होते. ती अवस्था मेंदूमृत्यूहून सर्वस्वी वेगळी आहे, आणि वर्तमानपत्रे दोन्हींची सरमिसळ करतात म्हणून भोकरदनकरांच्या भावासारखी माणसे 'कधीतरी उठेल' या आशेवर राहतात.

रझाकाराची विहीर
सेलूकरांच्या वडिलांच्या चोपडीकडे कोणी परत वळेल का? बंगळूरच्या निम्हान्स या मानसिक आरोग्य संस्थेतल्या सतवंत पसरीचा आणि इयान स्टीव्हन्सन यांनी १९८६ साली भारतातल्या १६ घटनांचा वृत्तांत प्रसिद्ध केला. त्यात पाश्चात्त्य कथनांतला बोगदा नाही, छतावरून स्वतःला पाहणेही फारसे नाही. यमदूत घेऊन जातात, कोणीतरी वहीत पाहतो, चुकीचा माणूस आणला असे कळते आणि परत पाठवतात. अमेरिकेतल्या माणसाला सहसा कार्यालयीन चुकीमुळे परत पाठवत नाहीत. त्याला 'तुझे काम अजून बाकी आहे' असे सांगतात. अनुभव जर परलोकाचा असेल तर तिथल्या व्यवस्थेत देशागणिक इतका फरक का, हा प्रश्न मला पडतो.

हुरडा
आपल्याकडे वाहन रेडा आहे, आणि तोही पैठणच्या परंपरेतला. वेद म्हणत म्हणत निघाला की पत्ता चुकणारच.

घाटनांदूर
हुरडा, हसलो. पण फरक सांगण्याच्या भाषेत असेल, पाहण्यात नसेल. मुंबईचे वर्णन लमाण तांड्यावरचा माणूस वेगळे करील आणि लंडनचा वेगळे; म्हणून मुंबई नाही असे ठरत नाही.

सेलूकर
सर्वांचे आभार. भोकरदनकर, तुमचे लिहिणे मी अण्णांना वाचून दाखवले; ते बराच वेळ गप्प होते.

गोदाकाठताईंनी 'पंपावरच्या बायपासमध्ये' असे लिहिले, त्या शब्दावर मी अडलो होतो. काल कपाटातून डिस्चार्ज कार्ड काढून पाहिले. त्यावर 'ऑफ-पंप' असे लिहिलेले आहे. तपासणीला गेलो तेव्हा डॉक्टरांना विचारले, तर ते म्हणाले की चालत्या हृदयावरच शस्त्रक्रिया केली. जिथे टाके घालायचे तेवढाच भाग यंत्राने धरून स्थिर ठेवतात, बाकी हृदय धडधडत असते. म्हणजे मेहुण्यांनी सांगितलेला तास-दीड तास झालाच नव्हता. अण्णांचे हृदय एक मिनिटही थांबलेले नव्हते, आणि आपण सगळे इतके दिवस न थांबलेल्या हृदयावर चर्चा करत होतो!

दुसरे असे की, माझी ताई शस्त्रक्रियेनंतर अण्णांजवळ होती. मी तिला चोपडीचे विचारले तर ती म्हणाली, 'अरे, दुसऱ्या रात्री आयसीयूत ते नळ्या ओढत होते, हात बांधावे लागले होते. सिस्टर फाइल घेऊन दुसऱ्या सिस्टरला नाव विचारत होती, आणि अण्णा मला म्हणत होते, हजेरी नीट घ्यायला सांग.' तिने आम्हाला काळजी नको म्हणून सांगितले नव्हते.

गोदाकाठ
सेलूकर, याला आम्ही शस्त्रक्रियेनंतरचा संभ्रम म्हणतो. हृदयाच्या शस्त्रक्रियेनंतर वयस्क रुग्णांत तो पहिल्या काही दिवसांत वारंवार दिसतो. झोपमोड, वेदनाशामके, रात्रंदिवस चालू असलेले दिवे, चष्मा आणि कानाचे यंत्र काढून ठेवलेले असणे, हे सगळे त्याला हातभार लावते. त्यात पाहिलेले स्वप्नासारखे विरत नाही, घडल्यासारखे लक्षात राहते. पुन्हा कधी दाखल करावे लागले तर ताईंनी हे डॉक्टरांना आधीच सांगावे आणि चष्मा जवळ ठेवू द्यावा. घरी ते आता नीट झोपतात का?

शंकेखोर
म्हणजे सिस्टरची फाइल ती चोपडी, आणि छतावरून पाहणे हे कुठल्यातरी मालिकेतले. प्रकरण मिटले.

घाटनांदूर
फाइल कळली. आजी जेवायला बोलावत होत्या, ते कोणत्या सिस्टरचे?

सेलूकर
ताई, झोप आता बरी आहे, दुपारचीही लागते.

अण्णांनी कार्ड स्वतः वाचले, 'ऑफ-पंप' या शब्दाखाली लाल पेनाने रेघ ओढली आणि मेहुण्यांना दाखवण्यासाठी बाजूला ठेवले. आजीच्या बाबतीत ते काही ऐकायला तयार नाहीत, आणि मीही आग्रह धरलेला नाही. आत्याची शांती शनिवारी ठरलेली आहेच. हृदय थांबले नव्हते असे मी तिला समजावले, तर तिने विचारले की छाती उघडली होती की नाही. उघडली होती. त्यावर तिचे म्हणणे असे की मग शांती कमीच पडेल, सोबत सत्यनारायणही घालू. पुरणपोळीचा बेत आहे. बालाघाट डॉक्टर, अण्णांच्या पोळीवर तूप किती वाढू द्यायचे तेवढे कळवावे.

बालाघाट
एक चमचा, आणि तो आत्याच्या हातातला नव्हे, तुमच्या हातातला.